वापरलेल्या संगणकीय शिलाई मशीनचे मोल



आपला केंदूर-पाबळचा भाग म्हणजे कमी पावसाचा मुलूख. शेतीने दगा दिला की घरातल्या बाईचे शिवणकाम संसाराला टेकू देते. म्हणून मशीन घेताना फसगत झाली, तर पैसे जातात आणि टेकूही निसटतो. आज बोलायचे आहे ते वापरलेल्या संगणकीय शिलाई मशीनबद्दल. तिचा वाजवी भाव ठरवायचा कसा?

आधी ही मशीन आहे तरी काय, ते पाहू. जुन्या पायमशीनमध्ये चाक, पट्टा, दांडे आणि शटल. सगळे डोळ्यांना दिसणारे. संगणकीय मशीनच्या पोटात एक बोर्ड असतो. सुईने कुठे टोचायचे, कापड किती सरकवायचे, याचा हुकूम तो देतो. बटण दाबले की काज तयार, वेलबुट्टी तयार. सिंगर आणि जानोमे या कंपन्यांनी अशी घरगुती यंत्रे १९७०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आणली.

मग हिचा भाव इतक्या लवकर का उतरतो? पायमशीन अडली तर तालुक्याच्या बाजारात सुटा भाग मिळतो, बसवणाराही मिळतो. पण बोर्ड जळला, तर त्याच मॉडेलचा लागतो. ते मॉडेल कंपनीने बंद केले असेल, तर सांगाडा धडधाकट असूनही मशीन कोपऱ्यात बसते. अर्धी मशीन आणि अर्धा संगणक, असा हा प्रकार! १९६१च्या आयकर कायद्याखालील नियमांत सर्वसाधारण यंत्रांचा घसारा वर्षाला १५ टक्के, तर संगणकाचा ४० टक्के धरला गेला, त्यावरून फरक ध्यानात यावा.

थोडक्यात, जुन्या मशीनची किंमत तिच्या चकाकीवर ठरत नाही. ती जवळपास दुरुस्त होते की नाही, यावर ठरते.

शिक्षक मंडळींनी मुलांना एक गणित जरूर घालावे. आकडे नुसते मानलेले आहेत. ४०,००० रुपयांची मशीन चार वर्षांनी १६,०००ला विकली. घट २४,०००, म्हणजे महिन्याला ५०० रुपये. पायमशीन ८,०००ची, विकली ५,०००ला. घट महिन्याला सुमारे ६३ रुपये. मग संगणकीय मशीन वाईटच का? तसे नाही. काज आणि भरतकाम यांतून महिन्याला ५००पेक्षा बरीच जास्त कमाई वाढत असेल, तर ती परवडली. नुसते ब्लाऊज आणि फॉल करायचे असतील, तर पायमशीन बरी.

आता घेताना काय पाहावे? आपले कापड, आपला दोरा बरोबर न्यावा. पातळ कापडावर आणि जाड घडीवर, दोन्हींवर शिवून पाहावे. एकेक बटण दाबावे, एक अख्खे काज करून घ्यावे. मशीन अर्धा तास चालू ठेवावी. काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. भरतकामाची असेल, तर नक्षी आत कशी घालतात ते विचारावे. जुन्या यंत्रांना फ्लॉपी किंवा खास कार्ड लागे. ते आता मिळणे कठीण. आणि पैसे देण्यापूर्वी दुरुस्तीवाल्याला मॉडेल सांगून विचारावे, “याचा बोर्ड मिळेल का?” तो “नाही” म्हणाला, तर भाव निम्म्याने पाडून मागायलाही संकोच नको.

विकणाऱ्या भगिनींनीही ध्यानात ठेवावे. पावती, माहितीपुस्तिका, जादा पाय आणि बॉबिनी जपल्या, तर चार पैसे अधिक येतात. खेड्यातली वीज कमीजास्त होते, तेव्हा स्टॅबिलायझर लावावा. काम संपले, की नुसते बटण बंद करू नये, प्लग काढून ठेवावा. बोर्ड वाचला तर मोल वाचले.

शेवटी एक. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३पासून हाताने काम करत शिकण्याची वाट घालून दिली. त्याच वाटेने आपल्या मुलामुलींनी बोर्ड तपासायला, डाग द्यायला शिकावे. गावात असा एक जाणता हात तयार झाला, तर कोपऱ्यात बसलेल्या मशीनही पुन्हा कामाला लागतील आणि त्यांचा भावही गावातच ठरेल.