झाडांची नावे आणि माहितीकोश



साहित्याच्या प्राध्यापकाने झाडांच्या माहितीकोशावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझीच एक चूक मला या विषयाकडे घेऊन आली.

उष्ण कटिबंधात बांधावरचे एकेक झाड अनेक कामांना येते : चारा, सरपण, लाकूड, हिरवळीचे खत. अशा बहुउपयोगी वृक्षांची माहिती संगणकावर एकत्र करण्याचे मोठे काम नैरोबीच्या आंतरराष्ट्रीय कृषिवनिकी संस्थेने केले आहे. हवामान, माती, उपयोग यांच्या जोडीला त्यात स्थानिक नावांचाही रकाना आहे.

आमच्या विद्यार्थ्यांनी गोव्यातील काही गावांपुरती अशी नोंद सुरू केली. भाषा तपासणे माझ्याकडे आले. एका मुलीने लिहिलेले ‘माट्टी’ मी खोडले आणि ‘ऐन’ केले. पुढे ती यादी तिच्या आजींना वाचून दाखवली. ‘ऐन’ म्हणताच त्यांनी मान हलवली. असले झाड त्यांच्याकडे नव्हते. ते तर त्यांच्या परसामागेच उभे होते! त्या माट्टीलाच मी यादीतून घालवले होते.

उलटा घोटाळाही होतो. बाभूळ, सुबाभूळ आणि विलायती बाभूळ ही नावाने बहिणी, पण झाडे वेगळी. सुबाभळीचा पाला गुरांना चालतो, पण त्यात मिमोसीन असल्याने तो बेताने द्यावा लागतो. घोड्याला तर अपायकारकच. विलायती बाभूळ शेंगा खाणाऱ्या गुरांच्या शेणातून पसरते आणि रान व्यापते. तिन्हींची नोंद एकाच ‘बाभूळ’ नावाखाली झाली, तर नुकसान शेतकऱ्याचे. म्हणून शास्त्रीय नाव ही खुंटी हवीच. तिला गावोगावची नावे बांधायची.

नावात माहितीही असते. कुंपणाला लावतात त्या गिरिपुष्पाला कोकणात उंदीरमारी म्हणतात. मध्य अमेरिकेतून आलेल्या या झाडाला तिकडचे स्पॅनिश नावही ‘उंदीर मारणारे’ याच अर्थाचे आहे. दोन्हीकडच्या शेतकऱ्यांचा अनुभव त्या एका शब्दात उतरला आहे.

तेव्हा विद्यार्थ्यांनो, नाव ऐकाल तसे लिहा. शेजारी गाव, सांगणाऱ्याचे वय, झाडाचा कोणता भाग कशाला वापरतात, हेही लिहा. आणि शिक्षक मित्रहो, लाल शाई जरा आवरा. आमच्या नोंदीत आता ‘माट्टी’ परत आली आहे. शेजारी ‘ऐन’ही आहे. आजींना यादी पुन्हा वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी आणखी चार झाडे सांगितली.