सव्वापाचची एसटी

मागच्या दारापाशी उभं राहून भाषण कधी संपतंय याचा अंदाज घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

आमंत्रणपत्रिकेत माझ्या नावापुढे हुद्दा छापलाय. पण माझ्या आयुष्यातलं पहिलं पद त्याच्या कितीतरी आधीचं. एस. वाय. बी. एस्सी.ची सीआर. साल १९९८.

मी निवडून आले नव्हते, हे आधीच सांगते. आमच्या वेळी निवडणुका नव्हत्याच. महाराष्ट्रातल्या कॉलेज निवडणुकांमध्ये हाणामाऱ्या वाढल्या, १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं वर्गप्रतिनिधी गुणवत्तेवर नेमायची पद्धत आणली. म्हणजे आदल्या वर्षी ज्याला मार्क जास्त, तो सीआर. नोटीस बोर्डावर माझं नाव लागलं, मैत्रिणींनी पेढे मागितले, संपलं. एक मत मागावं लागलं नाही.

त्यात गोम अशी, की पहिली येणारी मुलगी पहिल्या बाकावर बसते आणि तिला मागचे बाक फक्त हजेरीच्या वेळी ऐकू येतात. शिवाय मी गावातली. घर ते कॉलेज सायकलवर दहा मिनिटं.

बुधवारी दुपारी दोन ते साडेपाच आमचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल असायचं. माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगा टायट्रेशन करायचा. शेवटचा थेंब पडताना द्रावण जेमतेम गुलाबी झालं पाहिजे, पांढरा कागद खाली धरल्यावर दिसेल न दिसेल इतकं. याचं दर वेळी रंगपंचमीसारखं भडक. ब्यूरेटचा कॉक सरळ उघडाच सोडायचा. आम्ही हसायचो. सर त्याच्या जर्नलवर लाल शेरा मारायचे. आणि पाच वाजले की हा पसार.

एके दिवशी मीच सीआरच्या तोऱ्यात त्याला विचारलं, ‘घाई कसली असते रे तुला?’ तो म्हणाला, ‘सव्वापाचची एसटी. ती गेली की डायरेक्ट मुक्कामी गाडी, आठला. आणि फाट्यापासून घर तीन किलोमीटर.’

मग विचारत गेले. असे अकरा जण निघाले, अडतीसच्या वर्गात. त्यातल्या दोन मुलींनी तर टी. वाय.ला केमिस्ट्री घ्यायचीच नाही असं ठरवून टाकलं होतं, कारण आठच्या गाडीनं येणं त्यांच्या घरात चालणार नव्हतं. वर्षभर मी त्यांच्याच वर्गात बसत होते, आणि मला पत्ता नव्हता!

तशीच तडक विभागप्रमुखांकडे गेले. ‘सर, मुलांना अडचण होते.’ सरांनी चष्म्यावरून बघितलं. ‘कुठल्या मुलांना? किती? कोणती गाडी?’ मला एकाचंही उत्तर देता येईना. मी परत आले आणि जर्नलच्या मागच्या पानावर तक्ता केला: नाव, गाव, गाडीची वेळ, पुढची गाडी. त्यावरून अर्ज लिहिला. ऑफिसात द्यायला गेले तर हेडक्लार्क म्हणाले, ‘पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नकोस बाळ. पोच नसेल तर तू अर्ज दिलाच नाहीस.’ माझ्याकडे नक्कल नव्हती. झेरॉक्सला रुपया गेला. आज माझ्या टेबलावर रोज अर्जांचा गठ्ठा येतो. ज्यात नाव, गाव, तारीख नीट असते तो आधी हातात घेतला जातो, हे मी त्या खुर्चीत बसूनच तुम्हाला सांगते.

प्रॅक्टिकल एकला सुरू करा, असं मी सुचवलं होतं. सर तयार झाले. अडले कोण? लॅबचे शिपाई. सकाळच्या बॅचची भांडी धुऊन, रिएजंट भरून त्यांना जेवायला दीड वाजायचा. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी तोडगा त्यांनीच काढला: शनिवारी सकाळची दुसरी बॅच आहे, बाहेरगावच्यांना तिकडे घ्या आणि गावातल्यांना बुधवारी बसवा.

ठरलं. आणि शनिवारच्या बॅचमधली गावातली मुलं माझ्यावर उखडली. त्यांची बुधवारची दुपार गेली होती, क्रिकेट गेलं होतं. ‘आमच्यासाठी काय केलंस?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्यासाठी काहीच केलं नव्हतं, उलट त्यांचंच काढून दुसऱ्यांना दिलं होतं. दोन मैत्रिणी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

ही झाली मिरवायची गोष्ट. आता न मिरवायची.

लायब्ररीतून एका वेळी एकच पुस्तक मिळायचं. दोन मिळावीत असं वर्गाचं म्हणणं. मी प्राचार्यांना भेटले. ते म्हणाले, प्रती कमी आहेत, शक्य नाही. कारण खरं होतं. पण वर्गात जाऊन ‘नाही म्हणाले’ हे सांगायची मला लाज वाटली. आज सांगू, उद्या सांगू करत महिना काढला. वर्गाला वाटलं, ही विसरली, किंवा गेलीच नाही. त्यानंतर कोणी मला काही सांगेना. पुढे लॅबमधला एक्झॉस्ट फॅन बंद पडला, तोही मला इतरांच्या बोलण्यातून कळला. नकार आणून पोचवणं हे सीआरचं निम्मं काम आहे आणि ते मी केलं नव्हतं.

तुमची तऱ्हा वेगळी. २०१६ च्या कायद्यानं निवडणुका पुन्हा आणल्या, २०१९ ला आता होणार म्हणता म्हणता पुढे ढकलल्या गेल्या. विद्यार्थी निवडणुकांचे नियम सुचवणाऱ्या लिंगडोह समितीनं उमेदवाराला पाच हजारांची खर्चमर्यादा घातली आणि छापील पोस्टर बंद करून हातानं रंगवलेली ठेवली. मला ती अट फार आवडते. निदान उमेदवाराचं अक्षर तरी कळतं. यूजीसीच्या २०२३ च्या नियमानं तक्रार निवारण समिती आहे. तक्रार आल्यापासून शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत तिनं अहवाल द्यायचा असतो. समितीत एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून बसतो. तो कसा निवडायचा? अभ्यासातली, खेळातली किंवा इतर उपक्रमांतली गुणवत्ता बघून. म्हणजे माझी जातकुळी अजून संपलेली नाही!

तुमच्या सीआरचं खरं कार्यालय मात्र व्हॉट्सॲप ग्रुप. ‘सर आलेत का?’, ‘लेक्चर आहे का?’, ‘पीडीएफ टाक ना.’ दिवसाला दोनशे मेसेज. मी आत्ता ग्रीनरूममध्ये तुमच्या एका सीआरला विचारलं, ‘ग्रुपवर कधीच काही न लिहिणारे किती जण आहेत?’ तो हसला, मग फोन काढून खरंच मोजायला लागला. सतराव्या नावाला थांबला. म्हणाला, ‘मॅडम, यातल्या दोघांना मी चेहऱ्यानं ओळखत नाही.’ मला तो मुलगा आवडला.

माझं अजून दोन पानं भाषण शिल्लक आहे, पण ते राहू दे. येताना मी मुद्दाम स्टँडवर गाडी थांबवून वेळापत्रक बघितलं. पावणेसातला एक गाडी आहे, त्यानंतरची थेट साडेआठला. आत्ता सहा वाजून दहा मिनिटं झालीत आणि बक्षीस समारंभ अजून व्हायचाय. तेव्हा प्राचार्य महोदयांना तोंडीच विनंती करते, बाहेरगावच्या मुलामुलींची नावं आधी पुकारावीत. पोच नको.