रेणूचा उजेड आणि धातूचा शेजार



महागाईभत्ता आणि बोनस यांवर बोलणाऱ्या माणसाने आज रेणूंच्या उजेडावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटले असेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर. परंतु विज्ञान ही पदवीधरांची खाजगी मिळकत आहे, असे आम्ही मानीत नाही.

स्पिरिटात विरघळविलेल्या हळदीवर जांभळ्यापलीकडचा अदृश्य प्रकाश टाकला, तर ती हिरवट-पिवळी उजळते. असे रेणू प्रकाश गिळतात, क्षणभर बाळगतात आणि आपल्या निराळ्या रंगात परत देतात. हा क्षण बहुधा काही नॅनोसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांचा असतो. कित्येक रेणू मात्र गिळलेले बहुतेक सारे उष्णतेत घालवितात. हा ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा गुण, असा समज होता. १९४६ साली अमेरिकन शास्त्रज्ञ पर्सेल यांनी एका छोट्या टिपणात दाखविले की, उत्सर्जनाचा वेग सभोवतालावरही अवलंबून असतो.

आता धातूकडे वळू. सोन्याचा कण काही दशक नॅनोमीटरांचा, म्हणजे मिलिमीटरच्या लाखांश भागाच्या आसपासचा केला, तर त्यातील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकदम झुलू लागतात. म्हणूनच फॅरडे यांनी १८५७ साली अभ्यासिलेले सोन्याचे द्रावण पिवळे नसून माणकासारखे तांबडे होते. करोनाच्या साथीत घरोघरी वापरलेल्या चाचणीपट्टीवरची तांबडी रेघही पुष्कळदा अशाच सुवर्णकणांची असे.

झुलणाऱ्या या कणाभोवती प्रकाश एकवटतो. रेडिओच्या एरियलसारखेच त्याचे काम. शेजारच्या रेणूला त्यामुळे दोन लाभ होतात: त्याच्यापर्यंत अधिक प्रकाश पोचतो आणि त्याचा उजेड लवकर बाहेर पडतो. पण धोकाही तेथेच आहे. रेणू फारच जवळ गेला, तर धातू त्याची ऊर्जा ओढून घेतो आणि ती उष्णतेत विरते. रॉचेस्टर विद्यापीठात २००६ साली ८० नॅनोमीटरचा सुवर्णकण एका रेणूजवळ हळूहळू नेला. उजेड वाढत गेला. सुमारे ५ नॅनोमीटरच्या आत मात्र तो झपाट्याने मावळला.

२००९ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सोन्याचे दोन त्रिकोण टोकाला टोक भिडविण्याइतके जवळ ठेवले. मधल्या फटीत जो रेणू सापडला, त्याचा उजेड १३४० पटींपर्यंत वाढला. हा रेणू मुळात मंद होता. गिळलेल्या १०० कणांमागे दोन-तीनच परत देणारा. त्यामुळेच वाढीला एवढा वाव होता. जो सगळेच परत देतो, त्याच्या उत्पन्नात भर कसली पडणार? अंशमात्र असलेले रोगाचे द्रव्यही दिसावे, यासाठी याच युक्तीवर काम चालू आहे.

'हा गडी जातीचाच मंद', हा शेरा आम्ही कारखान्यांतून पुष्कळदा ऐकला. रेणू म्हणजे माणूस नव्हे, आणि पदार्थविज्ञानाने मजुरीचा तंटा सुटत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु एवढ्याशा रेणूविषयीही शेजार तपासल्याशिवाय निकाल देता येत नाही, तर हाडामांसाच्या माणसाचा निकाल हजेरीपत्रकावरून कसा द्यावा? शेजार कसा असावा, कोणी किती अंतरावर उभे राहावे, हे मोजून ठरवावे लागते. ते मोजण्याचे काम शास्त्रज्ञांनी मनावर घेतले. आपणही घ्यावे, एवढेच मागून आम्ही आपली रजा घेतो.