ड्यूटी बदलताना

आज बोलू या वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जबद्दल.

इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग…
हे प्रत्येक नोंदणीकृत परिचारिकेला येतंच.
इन्चार्ज झाल्यावर मात्र माणसंही सांभाळावी लागतात.

सगळ्यात नाजूक वेळ असते, ती ड्यूटी बदलण्याची.
रात्रपाळीच्या सिस्टर थकलेल्या.
सकाळच्या नुकत्याच आलेल्या.
"सगळे पेशंट ठीक आहेत," एवढ्यावर चार्ज देऊ नये.
आणि घेऊही नये.

पेशंटच्या खाटेजवळ उभं राहून सांगावं.
त्याला काय झालंय…
उपचार कोणते झाले…
आत्ता कसा आहे…
आणि पुढे काय करायचंय.
ऐकणारीने ते परत म्हणून दाखवावं.
यात वेळ जातो. जाऊ द्यावा!

कामं वाटतानाही तसंच.
नव्या मुलीला गंभीर पेशंट एकटीने देऊ नये.
काम सोपवलं, तरी लक्ष आपलंच हवं.
पुन्हा सांगते…
काम सोपवलं, तरी लक्ष आपलंच हवं.

हे सांभाळणं काही नवं नाही.
१८५४ साली ब्रिटिश परिचारिका फ्लॉरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात गेल्या.
तिथे त्यांनी स्वयंपाकघर, धुणं आणि सामानाचा साठाही हाती घेतला.
रात्रीच्या फेरीतला त्यांचा दिवा सगळ्यांना आठवतो.
हे व्यवस्थापन फारसं कुणाला आठवत नाही.

आता परत आपल्या वॉर्डात. औषध देताना चूक झाली तर?
आधी पेशंट पाहावा.
डॉक्टरांना लगेच कळवावं.
नोंद करावी.
सिस्टरला सगळ्यांसमोर रागावू नये.
नंतर शांतपणे विचारावं, हे घडलं कसं?
सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्या एकाच कप्प्यात असतील…
तर त्या त्याच दिवशी वेगळ्या ठेवाव्यात.