सायंकाळचे भोजन आणि आपली गृहव्यवस्था

(आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शिक्षणनिधी, वसतिगृह, वधूवर-परिचय या विषयांवर या व्यासपीठावरून प्रतिवर्षी बोलणे होते आणि ते योग्यच आहे. आज आम्ही त्याहून घरगुती विषय घेतला आहे, तो म्हणजे सायंकाळचे भोजन. विषय लहान वाटेल. परंतु ज्या मुलांसाठी शिक्षणनिधी जमवावयाचा, ती मुले रात्री काय खाऊन निजतात, आणि ज्या सुना आपण घरी आणतो त्या दिवसभराच्या श्रमांनंतर चुलीपाशी किती वेळ उभ्या राहतात, याचा विचार समाजाने करू नये काय? आमच्या मते तो अवश्य करावा.

आपल्या लहानपणीची सायंकाळ आठवून पाहा. दिवेलागणीस भाकरीची थाप ऐकू येई आणि रात्री लवकरच घर निजे. आज तसे राहिलेले नाही. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. तेव्हापासून आजवर लोखंडाच्या गिरण्या, बियाण्यांचे कारखाने, दुकाने, बँका यांनी आपल्या माणसांचे दिवस वाटून घेतले आहेत. घरधनी पाळीवरून रात्री येतात. मुलगी शिकवणीहून सातला येते. सूनबाई शाळेत, दवाखान्यात किंवा कचेरीत नोकरी करतात. खेड्यातील घरी कापूस वेचणीच्या दिवसांत आई अंधार पडताना शेतातून परतते. आणि मग सर्वांस एकदम भूक लागते.

अशा वेळी काय होते? कोपऱ्यावरच्या गाड्यावरून काहीतरी आणले जाते, दोन मिनिटांच्या शेवयांचे पाकीट फोडले जाते, किंवा मुले बिस्किटे खाऊन अभ्यासास बसतात आणि पुस्तकावरच डुलक्या घेतात. पाकिटातील शेवया म्हणजे बहुधा मैदा, तेल आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे असे सांगते; पाकीट, पापड, शेव आणि लोणचे एकाच ताटात आले की ही मर्यादा केव्हा ओलांडली ते कळतही नाही. एखादे दिवशी असे खाण्याने कोणी आजारी पडत नाही. परंतु आठवड्यातील चार रात्री असे होऊ लागले म्हणजे तीच घराची रीत होऊन बसते, ही चिंतेची गोष्ट आहे.

यावर कोणी म्हणतात, "पूर्वीच्या बायका सर्व करीत होत्या, आताच्यांना वेळ नाही." हे म्हणणे अर्धवट आहे. पूर्वीच्या स्त्रियाही सायंकाळी सर्व काही आरंभापासून करीत नसत. पाहुणा अवेळी आला तर अर्ध्या घटकेत त्याच्यापुढे ताट येई, ते कशाच्या बळावर? कोठीच्या खोलीतील डब्यांच्या बळावर. आपल्या मराठवाड्याचा येसर घ्या. ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, जिरे, मिरी, खोबरे अशी सामग्री निरनिराळी भाजून दळून ठेवावयाची. प्रमाण घरोघरी वेगळे. गरज पडली की कांदा-लसणाची फोडणी द्यावयाची, येसर थंड पाण्यात कालवून तिच्यात सोडावयाचा आणि उकळी आणावयाची. पंधरा मिनिटांत आमटी तयार. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचे पीठ, मुगाचे सांडगे, शेंगदाण्याची चटणी ही सारी त्याच जातीची. बाजारातील तयार पाकिटांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी आपल्या आजीने ते पाकीट घरीच बांधून ठेवले होते आणि त्यात मैदा नव्हता.

तात्पर्य, झटपट जेवणाचे रहस्य सायंकाळच्या धावपळीत नाही. ते आधीच्या तयारीत आहे. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे म्हणतात. सात वाजता मटकी भिजत घालणे हा त्यातलाच प्रकार होय.

ही तयारी कशी करावी? रविवारी सर्वांनी मिळून एक तास द्यावा. मटकी आणि मूग आठ-दहा तास भिजवून ओल्या फडक्यात बांधावेत. मोड आलेले कडधान्य लवकर शिजते, पचावयास हलके होते आणि कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व त्यात उत्पन्न होते. मेथी, पालक, तांदुळजा निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळावा. लसूण सोलावा, दाण्याचे कूट करावे, चटणी कुटावी. ज्वारी मात्र थोडी थोडीच दळून आणावी. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना तुटते, आणि मग सूनबाईंच्या हातास उगाच दोष लागतो.

दुसरे साधन कुकर. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये वाफ कोंडून शिजविण्याचे पात्र दाखविले; आपला कुकर त्याचाच वंशज होय. उघड्या भांड्यात पाणी सुमारे १०० अंशांवर उकळते. कोंडलेल्या वाफेच्या दाबाखाली ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापते, म्हणून डाळ लवकर शिजते. डाळ अर्धा तास आधी भिजवली तर इंधनही वाचते. कुकर दोन-तृतीयांशांहून अधिक भरू नये. डाळ असल्यास निम्म्यावरच थांबावे, कारण तिचा फेस वर येऊन वाफेची वाट बुजण्याचा संभव असतो.

आता प्रत्यक्ष आठवडा पाहू. सोमवारी मुगाच्या डाळीची खिचडी. तीत गाजर, वाटाणा, पालक जे असेल ते घालावे, सोबत ताक आणि काकडीची कोशिंबीर. मंगळवारी पिठले, भाकरी, कच्चा कांदा. बुधवारी वरणफळे, ज्यांना काही घरी चकोल्या म्हणतात. तुरीच्या वरणातच कणकेचे तुकडे आणि मूठभर मेथी शिजते, म्हणजे पोळी, वरण आणि भाजी एकाच पातेल्यात होते. गुरुवारी मोड आलेल्या मटकीची उसळ व भाकरी. शुक्रवारी ज्वारी, गहू आणि बेसन यांच्या पिठाचे, भरपूर कोथिंबीर घातलेले धपाटे आणि दही. शनिवारी येसराची आमटी आणि भात, अथवा ताकातल्या ज्वारीच्या कण्या. ज्यांच्या घरी चालतात त्यांनी त्याच आमटीत उकडलेली अंडी सोडावीत. तयारी असेल तर यांपैकी एकाही जेवणास पाऊण तासाहून अधिक वेळ लागू नये. काय करावे या विचारातच जी अर्धी सायंकाळ जाते, ती हा क्रम भिंतीवर लिहून लावल्याने वाचते.

हे जेवण साधे आहे, पण हलक्या प्रतीचे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो; तुरीच्या डाळीत प्रथिने सुमारे २२ ग्रॅम. धान्यात लायसीन नावाचा प्रथिनघटक कमी असतो, तो डाळ पुरविते. डाळीत मेथिओनिन कमी, त्याची भरपाई धान्य करते. म्हणून भाकरी आणि वरण, खिचडीतील तांदूळ आणि मूग ही जोडी रसायनशास्त्राच्या कसोटीसही उतरते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांहून अधिक नसावा, डाळी-कडधान्ये सुमारे ८५ ग्रॅम आणि भाज्या सुमारे ४०० ग्रॅम असाव्यात, असे सुचविले आहे. आपल्या ताटात बहुधा उलट होते: भाताचा डोंगर आणि डाळीचे पाणी. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांसाठी तर हे प्रमाण सुधारणे अत्यंत अगत्याचे आहे.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट विशेष सांगावयाची. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. पालेभाजी, मटकी यांतील लोह अंगी लागण्यास क जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून ताटात वाढल्यावर लिंबू पिळावे. शिजताना पिळल्यास उष्णतेने ते जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. आपल्या जालन्याच्या मोसंबीस २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ती बाहेरगावी पाठविताना दोन फोडी घरच्या लेकीच्या ताटातही पडाव्यात. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये. तो लोहास अडवितो. भगिनींनो, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणे ही रीत आता सोडावी. सर्वांनी एकत्र बसावे, म्हणजे वरणाची वाटी सर्वांस सारखी येते.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. वरील तयारी करावयाची कोणी? पुन्हा त्या एकट्या माउलीनेच करावयाची असेल तर आमचे सारे भाषण व्यर्थ होय. कारण मग आम्ही तिचा सायंकाळचा भार काढून रविवारच्या माथी मारला, इतकेच झाले. केंद्र सरकारने २०१९ साली लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसास सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास वेळ जातो असे दिसले. पुरुषांचा ९७ मिनिटे. आणि घरकामास हात लावणारे पुरुष तरी किती? शंभरांत सुमारे २६. बंधूंनो, हे आकडे आपल्या घराबाहेरचे आहेत असे कोणी समजू नये.

पुरुषांस स्वयंपाक येत नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. लग्नकार्यात पन्नास किलोंच्या भाताची कढई आपलेच बंधू उतरवितात, पंगती वाढतात, आचाऱ्यास मीठ कमी आहे असे ठणकावून सांगतात. गावच्या सप्ताहात जे शोभते ते घरच्या ओट्यापाशी का लाजिरवाणे व्हावे? सेवानिवृत्तीनंतर आमच्या घरी सायंकाळचा कुकर आम्हीच लावतो. त्याने आमच्या मास्तरकीची प्रतिष्ठा उणावल्याचे अद्याप कोणी सांगितले नाही. घरात निवृत्त वडील असतील तर त्यांनी डाळ भिजवावी, लसूण सोलावा, नातवंडांकडून शेंगा फोडून घ्याव्यात. त्या निमित्ताने पाढेही म्हणून घेता येतात.

तेव्हा मंडळाच्या सभासद कुटुंबांपुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, रविवारचा एक तास सर्व कुटुंबाने सायंकाळच्या जेवणांच्या तयारीस द्यावा आणि त्यात कोणासही वयाची अथवा पुरुषपणाची सवलत नसावी. दुसरी, बारा वर्षांवरील प्रत्येक मुलास आणि मुलीस खिचडी, पिठले, उसळ व कोशिंबीर हे चार पदार्थ आलेच पाहिजेत. शिक्षणासाठी परगावी जाणाऱ्या मुलास हे ज्ञान प्रमाणपत्राइतकेच उपयोगी पडेल. वधूवर-परिचयाच्या सभेत "स्वयंपाक येतो काय?" हा प्रश्न विचारावयाचाच असेल तर तो दोन्ही बाजूंस विचारावा. तिसरी, आपल्या महिला शाखेने उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत येसर आणि भाजणी एकत्र बसून करावी, वडीलधाऱ्या स्त्रियांकडून प्रमाणे लिहून घ्यावीत आणि पुढील स्मरणिकेत छापावीत. ती प्रमाणे आज त्यांच्या हातात आहेत, कागदावर नाहीत. हात थकण्यापूर्वी ती उतरून घेणे आपले कर्तव्य आहे.

या गोष्टींस निधी लागत नाही, ठराव लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. येत्या रविवारी मटकी भिजत घातली की आरंभ झाला.