मालवणचा एक दिवस

मालवणला आलेले पाहुणे जेटीवर उतरले की थेट होडीत बसतात. त्याआधी किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा बघा. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य कोरलेले आहेत. 1664 साली सिंधुदुर्ग किल्ल्याचं भूमिपूजन इथंच झालं असं मानतात.

मग होडीनं कुरटे बेटावर. किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. तट वळून आत घेतलाय, अगदी जवळ गेल्यावरच वाट सापडते. आत दरवाज्यापाशी चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवतात. शिवराजेश्वर मंदिर मात्र घाईत आटपू नका. राजाराम महाराजांनी बांधलेल्या या देवळातल्या शिवाजी महाराजांच्या मूर्तीला दाढी नाही. चारी बाजूंनी खारं पाणी, तरी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचं पाणी गोडं! तटावर सावली नाही, म्हणून सकाळीच जावं. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

परतल्यावर बाजारात मालवणी खाजं घ्या: बेसनाच्या कुरकुरीत कांड्या, आलं घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवलेल्या. पुडा जरा मोठाच घ्या, घरी पोचेपर्यंत निम्मा संपतो.