उजनीकाठचा सौरपंप आणि विद्यार्थ्यांचे संशोधन

विजेला हवे ते रूप देण्याचे काम पॉवर इलेक्ट्रॉनिक्स करते. डीसीची एसी करायची, विजेचा दाब चढवायचा किंवा उतरवायचा, मोटरचा वेग कमी-जास्त करायचा, हे सारे त्याच्या कक्षेत येते. माहिती प्रणालीचे काम नोंदींचे. नोंदी गोळा करायच्या, नीट साठवायच्या आणि ज्याला लागतील त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचवायच्या. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे विषय बहुधा दोन वेगळ्या विभागांत शिकवले जातात. शेतावरच्या सौरपंपात मात्र दोन्ही एकाच पेटीत बसलेले असतात. त्यांचा एकत्र अभ्यास करायला सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातले जेऊर आणि आसपासची गावे ही चांगली जागा आहे.

जेऊर हे दौंड-सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि या बाजूला बॅकवॉटर आले. त्यावर ऊस आणि केळीची बागायत उभी राहिली. कंदर परिसरातील केळी परदेशी जाते. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी आहे, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृत साठा आहे. धरण पूर्ण भरल्यापासून उपयुक्त साठा संपेपर्यंत पाण्याची पातळी सुमारे सहा मीटर उतरते. दुष्काळी वर्षी धरण वजामध्ये जाते, म्हणजे मृत साठ्यातलेही पाणी घटते, आणि पातळी आणखी खाली जाते. मग शेतकरी मोटर पाण्यामागे सरकवत नेतो, पाइप आणि केबल जोडत जातो, गाळातून चारी खोदून पाणी मोटरपर्यंत आणतो. पंपाचे काम दर महिन्याला बदलते ते यामुळे.

शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा तर कधी रात्री. दिवसा हक्काचे पाणी मिळावे म्हणून सौरपंपाच्या योजना आल्या. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. राज्याची मागेल त्याला सौर कृषिपंप योजना २०२४ पासून राबवली जात आहे. तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याला पाच टक्के हिस्सा भरावा लागतो. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी आणि त्यापुढे साडेसात एचपीचा पंप मिळतो.

पॅनेलमधून डीसी वीज निघते. कंट्रोलरमधला इन्व्हर्टर तिची थ्री-फेज एसी करून मोटरला देतो. हे काम सहा आयजीबीटी करतात. हे अर्धवाहक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. पॅनेलचा दाब एका ठरावीक जागी असला तरच जास्तीत जास्त वीज मिळते. कंट्रोलर तो दाब किंचित बदलून पाहतो. वीज वाढली तर त्याच दिशेने पुढे जातो, घटली तर उलट फिरतो. ढग सरकत असताना मात्र ही रीत फसते, कारण वीज दाब बदलल्याने वाढली की ऊन वाढल्याने, हे कंट्रोलरला कळत नाही. ही चूक कमी करण्याच्या पद्धतींवर विद्यार्थ्यांचे पुष्कळ प्रकल्प होतात.

उन्हाळ्यात आणखी एक अडचण येते. पॅनेलवर छापलेली क्षमता पंचवीस अंश तापमानाची असते. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पॅनेल पासष्ट अंशांपर्यंत तापू शकते. दर अंशाला सुमारे ०.४ टक्का घट धरली, तर चाळीस अंशांच्या फरकाने सोळा टक्के क्षमता जाते. लख्ख ऊन असूनही पंप पुरता चालत नाही याचे एक कारण हे.

दुसरे कारण पाण्याच्या पातळीत आहे. समजा, पंप पन्नास हर्ट्झवर पाणी जास्तीत जास्त चाळीस मीटर चढवू शकतो. हर्ट्झ कमी झाले की मोटरचा वेग घटतो आणि चढाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. पाणी वीस मीटर उचलायचे असेल, तर साधारण पस्तीस हर्ट्झला धार सुरू होते. पातळी सहा मीटर उतरली आणि चढाव सव्वीस मीटर झाला, तर चाळीस हर्ट्झ लागतात. पस्तीसपेक्षा चाळीस हर्ट्झला जवळपास दीडपट वीज लागते. तेवढे ऊन चढेपर्यंत मोटर फिरते, पण पाइपमधून पाणी येत नाही. सकाळी धार उशिरा सुरू होते, संध्याकाळी लवकर तुटते. पंप आणि मोटर मिळून अर्धीच वीज कामी येते असे धरले, तर एका युनिटमध्ये वीस मीटरवर सुमारे नऊ हजार लिटर पाणी चढते आणि सव्वीस मीटरवर सात हजार. ठिबकवर याचा परिणाम लगेच दिसतो. पाण्याचा दाब कमी पडला की पाइपच्या टोकाकडच्या झाडांना कमी पाणी मिळते.

जोडत नेलेली केबल हा तिसरा प्रश्न. इन्व्हर्टर विजेचे झटपट तुकडे पाडून पाठवतो. केबल लांब असली की दाबाची लाट मोटरकडून परत फिरते आणि मोटरच्या टोकाशी दाब जवळपास दुप्पट होऊ शकतो. वाइंडिंगचे इन्सुलेशन हळूहळू खराब होते आणि एक दिवस मोटर जळते. रिवाइंडिंगच्या दुकानात ती दुरुस्त होते, पण मूळ कारण तसेच राहते. वेगवेगळ्या लांबीच्या केबल लावून ऑसिलोस्कोपवर हा दाब मोजणे आणि त्यासाठी स्वस्त फिल्टर तयार करणे, हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला झेपणारा प्रकल्प आहे.

माहिती प्रणालीचे काम इथे सुरू होते. योजनेतल्या पंपांना दूरस्थ देखरेखीचे यंत्र बसवलेले असते. ते मोबाइल नेटवर्कवरून दाब, प्रवाह, हर्ट्झ, बिघाडाचा संकेत अशा नोंदी पाठवते. दर मिनिटाला एक नोंद घेतली, तर दहा तासांत सहाशे नोंदी होतात. शंभर पंपांच्या रोजच्या साठ हजार. नेटवर्क गेले की नोंदी यंत्रातच साठवून नंतर पाठवाव्या लागतात, म्हणून प्रत्येक नोंदीवर मोजमापाची खरी वेळ हवी. पोहोच न मिळाल्याने तीच नोंद दुसऱ्यांदा आली, तर ती ओळखून वगळावी लागते. पंपाचा क्रमांक आणि वेळ मिळून नोंदीची ओळख ठरवली की हे साधते. शेतकऱ्याचे नाव आणि गट क्रमांक वेगळ्या तक्त्यात ठेवला, तर अभ्यासासाठी नोंदी देताना खासगी माहिती बाहेर जात नाही.

नुसत्या आकड्यांचा शेतकऱ्याला उपयोग नाही. मोटर फिरते आहे पण ओढलेली वीज नेहमीपेक्षा बरीच कमी आहे, असे दिसले तर पंप कोरडा चालत असल्याची शक्यता असते. पंप थांबवायचे काम कंट्रोलरने जागच्या जागी करायचे. नेटवर्कची वाट पाहायची नाही. प्रणालीने शेतकऱ्याला मराठीत साधा निरोप द्यायचा: फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर आहे का ते पाहा. धार किती हर्ट्झला सुरू झाली, याची रोजची नोंद ठेवली तर पातळी किती उतरली याचा अंदाज येतो आणि मोटर कधी सरकवावी लागेल तेही आधी सांगता येते.

अशा कामाला सोलापूर जिल्ह्यात संस्थांचा आधार आहे. सोलापूरचे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ मध्ये सुरू झाले आणि सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. राज्यातील विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेत विद्यार्थ्यांना आपले काम मांडता येते. महागडे सॉफ्टवेअर नसले तरी अडत नाही, कारण आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने तयार केलेले ईसिम हे परिपथ तपासण्याचे साधन विनामूल्य मिळते.

कामाचा क्रम ठरलेला असावा. आधी संगणकावर परिपथ तपासायचा, मग प्रयोगशाळेत कमी दाबावर चालवायचा आणि नंतर शेतावर न्यायचा. सौर पॅनेलच्या मालिकेत कित्येक शे व्होल्ट डीसी असते, आणि ऊन आहे तोवर ते बंद करता येत नाही. कंट्रोलर बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही मिनिटे दाब राहतो. म्हणून शेतावरची जोडणी मार्गदर्शक हजर असतानाच करायची. मोजमाप पावसाळ्यानंतर धरण भरलेले असताना एकदा आणि एप्रिल-मे महिन्यांत पाणी हटल्यावर पुन्हा घ्यायचे. अहवालात कार्यक्षमतेच्या टक्क्याबरोबर एका युनिटमागे किती लिटर पाणी किती मीटर चढले, केबल किती लांब होती आणि किती नोंदी गहाळ झाल्या, हेही द्यायचे. परिपथाचा आराखडा, प्रोग्रॅम आणि नोंदी विभागाकडे जमा केल्या, की पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना तेच मोजमाप पुन्हा घेऊन ताडून पाहता येते.